वाचता येईल असे अक्षर, आणि तेही सर्वांसाठी

मधुमेहाच्या रुग्णाला रुग्णालयातून घरी सोडताना त्याच्या हातात एक कागद दिला जातो. इन्सुलिन सकाळी किती युनिट, रात्री किती, साखर एकदम उतरली तर काय लक्षणे दिसतात, तेव्हा काय खायचे, पुन्हा कधी यायचे, हे सगळे त्यावर असते. हा कागद ज्याने वाचायचा तो माणूस बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो. डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात झालेली असते, मधुमेहाने दृष्टिपटलावरही परिणाम झालेला असू शकतो. कागद मात्र तयार केलेला असतो चांगली नजर असलेल्या कुणी तरी, संगणकात आधीपासून जो फॉन्ट होता त्यात, आणि सगळे एकाच पानात बसावे म्हणून अक्षरे लहान करून. डोस बरोबर लिहिलेला असतो, पण तो वाचला जाईल की नाही हे कुणी पाहिलेले नसते.

औषधाच्या बाबतीत आपल्याकडे नियम आहेत, आणि ते वाढतही आहेत. डॉक्टरांनी औषधाचे नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीतील इंग्रजी अक्षरांत लिहावे, अशी दुरुस्ती वैद्यकीय परिषदेच्या आचारसंहितेत २०१६ मध्ये झाली. वेष्टनावर औषधाचे मूळ नाव त्याच्या व्यापारी नावापेक्षा किमान दोन आकारांनी मोठे छापावे, हा नियम २०१८ मध्ये आला. दोन्ही नियम अक्षर किती मोठे आणि किती स्पष्ट याबद्दल बोलतात. अक्षराचा घाट कसा असावा, म्हणजे एका अक्षराचे दुसरे वाटू नये यासाठी काय करावे, हा प्रश्न त्यांत येत नाही. आणि दोन्ही नियमांचा रोख औषधाच्या नावाकडे आहे. घरी गेल्यावर रुग्ण जे मराठीत वाचतो, त्या सूचनांचा त्यांच्याशी संबंध नाही.

अमेरिकेतील एक उदाहरण

लॉस एंजेलिसमधील ब्रेल इन्स्टिट्यूट या संस्थेने या प्रश्नावर काम केले. जे. रॉबर्ट अॅटकिन्सन यांची दृष्टी १९१२ मध्ये बंदुकीच्या अपघातात गेली. त्यांनी १९१९ मध्ये ब्रेल पुस्तके छापणारा छापखाना सुरू केला आणि त्यातून पुढे ही संस्था उभी राहिली. संस्थेकडे मदतीला येणाऱ्या लोकांत पूर्ण अंध असणाऱ्यांपेक्षा अंधुक दिसणारे खूप जास्त असतात. त्यांना ब्रेल नको असते, छापलेलेच वाचायचे असते. शताब्दीच्या वर्षी, २०१९ मध्ये, संस्थेने त्यांच्यासाठी एक फॉन्ट करून घेतला आणि त्याला अॅटकिन्सन यांचे नाव दिले: अॅटकिन्सन हायपरलेजिबल.

छपाईचे सौंदर्यशास्त्र सहसा सांगते की सगळी अक्षरे एका कुटुंबातली दिसावीत. या फॉन्टमध्ये प्रयत्न उलटा आहे. एकमेकांसारखी दिसणारी अक्षरे मुद्दाम वेगळी केली आहेत. इंग्रजी कॅपिटल ‘आय’, स्मॉल ‘एल’ आणि एकचा आकडा यांना वेगवेगळे पाय आणि शेपट्या आहेत. शून्याला तिरपी रेघ आहे, त्यामुळे ते ‘ओ’ वाटत नाही. ‘बी’ आणि आठ यांची वळणे वेगळी ठेवली आहेत. उघड्या अक्षरांची तोंडे अधिक उघडी आहेत, कारण अंधुक नजरेला आधी अशाच फटी बुजलेल्या दिसतात.

पहिल्या आवृत्तीत चार प्रकार होते आणि २७ भाषांची सोय होती. २०२१ मध्ये हा फॉन्ट गूगल फॉन्ट्स या सार्वजनिक फॉन्ट-ग्रंथालयात दाखल झाला. २०२५ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली, जाडीचे सात प्रकार आणि दीडशेहून अधिक भाषांसह. या सगळ्या भाषा रोमन लिपीत लिहिल्या जाणाऱ्या आहेत. देवनागरी त्यात नाही.

या कथेत सगळ्यांचे लक्ष अक्षरांच्या आकाराकडे जाते. आरोग्याच्या दृष्टीने २०२१ ची घटना तितकीच मोठी आहे. एखाद्या संस्थेच्या संगणकात ठेवलेला फॉन्ट त्या संस्थेच्या रुग्णांपुरता उपयोगी असतो. तोच खुल्या परवान्यासह सार्वजनिक ग्रंथालयात गेला की खेड्यातल्या दवाखान्याला, औषधाच्या दुकानाला, शाळेला, मोबाइलवरचे अॅप बनवणाऱ्या मुलाला, कुणालाही तो विनामूल्य आणि विनापरवानगी वापरता येतो. जलसंजीवनीची कृती कुणा एका कंपनीच्या कुलपात राहिली असती तर १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांना तिच्या बळावर कॉलऱ्याच्या रुग्णांचे प्राण वाचवता आले नसते. फॉन्टने असे जीव वाचतात असा दावा कुणी करू नये. पण साधी, स्वस्त गोष्ट खुली असली की किती दूर पोचते, हे त्यातून दिसते.

डोळ्याला काय अडते

चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते, हे सगळ्यांना माहीत असते आणि त्यावर चष्मा मिळतो. पण वयाबरोबर आणखी दोन गोष्टी घडतात, ज्यांवर चष्म्याचा इलाज नाही. डोळ्यातील भिंग पिवळसर आणि गढूळ होते, बाहुली लहान होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एकतृतीयांशच उजेड पोचतो. दुसरे म्हणजे, काळे आणि करडे यांतला फरक ओळखण्याची क्षमता घटते. त्यामुळे फिक्या निळ्या कागदावर करड्या शाईने छापलेली सूचना, चष्मा लावूनही, दिसत नाही.

त्यावर आजारांची भर पडते. मधुमेहात दृष्टिपटलावर सूज आणि रक्तस्राव होतो, मग वाचताना मधले अक्षर गायब किंवा वाकडे दिसते. वयानुसार दृष्टिपटलाचा मध्यबिंदू झिजला की माणूस कडेच्या नजरेने वाचू लागतो. कडेच्या नजरेची अडचण अशी, की तिला सुटे अक्षर ओळखता येते, पण तेच अक्षर इतर अक्षरांच्या गर्दीत ठेवले की ओळखता येत नाही. अशा रुग्णाला तपासणीच्या खोलीत एकेक अक्षर दाखवले तर तो बऱ्यापैकी वाचतो आणि घरी औषधाची चिठ्ठी वाचायला बसला की अडतो. घरच्यांना वाटते, म्हातारा ढोंग करतो.

चुकीची किंमत कुठे मोजावी लागते, हेही डॉक्टर जाणतात. इन्सुलिनच्या आकड्यापुढे ‘युनिट’ हा शब्द न लिहिता इंग्रजी ‘यू’ लिहिला की तो शून्यासारखा वाचला जातो आणि चारचे चाळीस होतात. पूर्णांकापुढे दशांश चिन्ह आणि शून्य लिहिले आणि मधला ठिपका उमटला नाही, तर एकचे दहा होतात. म्हणून रुग्णसुरक्षेचे नियम सांगतात की ‘युनिट’ पूर्ण लिहा आणि अनावश्यक शून्य टाळा. हे नियम लिहिणाऱ्यासाठी आहेत. छापील अक्षराने त्यांना साथ दिली तरच ते पूर्णत्वाला जातात.

मराठीचे वेगळे प्रश्न

देवनागरीत हा प्रश्न इंग्रजीपेक्षा अवघड आहे, आणि त्याची कारणे लिपीतच आहेत. शिरोरेषेमुळे शब्दातील अक्षरे वरून जोडलेली असतात. ओळख पटते ती रेघेखालच्या वळणांवरून आणि वर-खाली लागणाऱ्या मात्रांवरून. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ष आणि प, ब आणि व या जोड्यांत फरक फार थोड्या जागेत आहे. ब आणि व यांत तर फक्त पोटातली एक रेघ. अंधुक डोळ्याला ती दिसलीच नाही तर ब चा व होतो. संदर्भावरून बहुतेक शब्द सावरले जातात. आकड्यांना मात्र संदर्भ नसतो. देवनागरी १ आणि ९ यांचे शेपूट आणि वळण बारीक छपाईत एकमेकांजवळ जातात. मि.ली. आणि मि.ग्रॅ. ही मोजमापे तर एकाच अक्षराने सुरू होतात, आणि पातळ औषधाच्या बाटलीवर ती शेजारी शेजारी असतात.

आणखी एक गैरसमज सर्रास आढळतो. इंग्रजी मजकूर बारा पॉइंटमध्ये वाचता येतो म्हणून मराठीही बारा पॉइंटमध्ये ठेवतात. पण देवनागरीला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रुकार यांसाठी जागा राखावी लागते. तेवढ्याच आकारात मूळ अक्षराला कमी जागा उरते आणि ते लहान दिसते. ओळींतले अंतरही जास्त लागते. ते कमी पडले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर बसतो.

मग खास मराठीच्या गरजा. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीतल्यापेक्षा वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेची आणि अक्षरांची रूपे ठरवून दिली. संगणकाच्या दृष्टीने मराठी ल आणि हिंदी ल हे एकच चिन्ह आहे. कोणते वळण दिसावे हे फॉन्ट ठरवतो, आणि फॉन्टमध्ये तशी सोय केली असेल तरच मराठी मजकुरात मराठी वळण उमटते. जुन्या शाळेत मराठी वळणांवर वाचायला शिकलेल्या आणि आता अंधुक दिसणाऱ्या आजोबांना ओळखीचे रूप मिळणे, ही चैन नाही. ‘दुसऱ्या डोसची तारीख’ यातला ऱ्या तर अनेक फॉन्टमध्ये नीट जुळत नाही, तुटतो किंवा त्याचा रफार होतो. लसीकरणाच्या कार्डावर हाच शब्द सर्वांत महत्त्वाचा असतो.

देवनागरीचे चांगले खुले फॉन्ट नाहीत, असे मात्र मुळीच नाही. मुंबईला अक्षररचनेची मोठी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे देशभर नावाजले गेले. आयआयटी मुंबईत शिकवणारे र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा फॉन्ट विंडोज संगणकांमधून घरोघरी पोचला. मुंबईतील एक टाइप या गटाचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर खुले आहेत आणि रोजच्या वापरात दिसतात. या सगळ्यांमुळे मराठी वाचन सोपे झाले. आता गरज आहे ती अंधुक नजरेचा वाचक समोर ठेवून, त्याच्याकडून तपासून घेतलेल्या मराठी फॉन्टची, आणि तो तयार झाल्यावर सार्वजनिक ग्रंथालयात दाखल करण्याची.

दाखल करणे म्हणजे काय

फॉन्ट दाखल करणे म्हणजे एक फाइल पाठवून देणे, असे वाटू शकते. प्रत्यक्षात ही प्रक्रिया औषधाच्या मंजुरीसारखी पायऱ्यापायऱ्यांची आहे, आणि तशी आहे म्हणूनच ती उपयोगी आहे.

पहिली पायरी परवान्याची. गूगल फॉन्ट्स नवे फॉन्ट ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ या परवान्याखाली घेते. एसआयएल इंटरनॅशनल या संस्थेने तयार केलेल्या या परवान्याची सध्याची आवृत्ती २००७ ची आहे. फॉन्ट कुणीही वापरावा, वाटावा, बदलावा, छापील मालासाठी किंवा अॅपसाठी व्यापारी वापर करावा, याला मुभा आहे. नुसता फॉन्ट तेवढा वेगळा विकता येत नाही, आणि बदललेला फॉन्टही याच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो. मूळ नाव राखून ठेवण्याची सोय परवान्यात आहे, पण ग्रंथालयाचा आग्रह ते न राखण्याचा असतो, म्हणजे दुरुस्त आवृत्ती त्याच नावाने सर्वांना देता येते.

दुसरी पायरी मूळ आराखड्याची. तयार फाइलबरोबर ज्यातून ती बनली ते रेखाटन सर्वांना पाहता येईल अशा जागी ठेवावे लागते. औषधनिर्मात्याने गोळीबरोबर तिचा घटकही सांगावा, तसे हे आहे. उद्या कुणी ठरवले की १ आणि ९ यांत आणखी फरक हवा, तर ते आराखडा उघडून बदल करू शकतात.

तिसरी पायरी तपासणीची. फॉन्टबेकरी नावाचे मुक्तस्रोत साधन फॉन्टमधील तांत्रिक दोष शोधते: चिन्हे अपुरी आहेत का, नाव आधीच कुणी घेतले आहे का, परवान्याची नोंद योग्य आहे का, उभी मापे बरोबर आहेत का. शेवटचा मुद्दा कोरडा वाटतो, पण देवनागरीत तो कळीचा आहे. उभी मापे चुकली की पडद्यावर रफार आणि उकार कापले जातात. वाचणाऱ्याला कळतही नाही की काही कापले गेले आहे. त्यानंतर ग्रंथालयाचे तज्ज्ञ कामाचा दर्जा पाहतात. आलेला प्रत्येक फॉन्ट घेतला जातो असे नाही.

दाखल झाल्यावरही काम संपत नाही. एखाद्या जोडाक्षरात चूक आढळली तर वापरणारा ती सार्वजनिकरीत्या कळवतो, रचनाकार दुरुस्त करतो, आणि नवी आवृत्ती सर्वांना मिळते. बाजारात आलेल्या औषधाचे दुष्परिणाम नोंदवण्याची जी पद्धत आहे, तिचीच ही बहीण. आरोग्याच्या क्षेत्रात आपण अशा पद्धतीवर भरवसा ठेवतो, कारण पहिल्या दिवशी निर्दोष असे काहीच नसते.

पुरावा मागायलाच हवा

चांगल्या हेतूने केलेला फॉन्ट उपयोगी असेलच असे नाही. वाचनदोष असलेल्या मुलांसाठी ओपनडिस्लेक्सिक हा मुक्त फॉन्ट २०११ मध्ये आला आणि खूप लोकप्रिय झाला. पुढे मुलांवर अभ्यास झाले तेव्हा वाचनाचा वेग किंवा अचूकता वाढल्याचे दिसले नाही. अशाच हेतूने केलेल्या दुसऱ्या एका फॉन्टचा फायदा झाल्यासारखा वाटला, पण साध्या एरिअल फॉन्टमध्ये अक्षरांमधले आणि शब्दांमधले अंतर तेवढेच वाढवल्यावर तोही फरक नाहीसा झाला. म्हणजे फायदा मोकळ्या अंतराचा होता.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या एजलॅबने मोटारीच्या पडद्यावरचे फॉन्ट तपासले. अक्षरांची तोंडे उघडी असलेल्या फॉन्टमुळे पुरुष चालकांची नजर रस्त्यावरून हटण्याचा वेळ सुमारे दहा टक्क्यांनी घटला. स्त्रियांत तसा स्पष्ट फरक दिसला नाही. यावरून कळते ते एवढेच, की अक्षराच्या वळणाचा परिणाम मोजता येतो, पण तो कुणावर किती होतो हे मोजूनच ठरवावे लागते.

मराठीसाठी अशी चाचणी अवघड नाही. नेत्रविभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात मोतीबिंदूचे आणि मधुमेहाचे रुग्ण रोज येतात. त्यांची लेखी संमती घ्यावी, नैतिक समितीची परवानगी घ्यावी, आणि एकच डोसची सूचना दोन फॉन्टमध्ये, समान आकारात, समान अंतराने आणि समान उजेडात वाचायला द्यावी. कोणते अक्षर छान वाटले, हे विचारू नये. आकडा किती जणांनी चुकीचा वाचला, ते मोजावे. ही चाचणी झाल्याशिवाय ‘दृष्टीला हितकारक’ अशी जाहिरात कुणी करू नये.

आक्षेप

पहिला आक्षेप योग्यच आहे: अक्षर मोठे केले, शाई काळी आणि कागद पांढरा ठेवला, अंतर वाढवले, तर निम्मे काम तिथेच होते, मग नव्या फॉन्टचा खटाटोप कशाला? ही कामे आजच करावीत, त्यांना कुणाची वाट पाहायला नको. पण औषधाच्या पाकिटावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर जागा ठरलेली असते. आकार वाढवता येत नाही तिथे अक्षराचा घाट मदतीला येतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो जोडाक्षरे रेखाटावी लागतात, मात्रांच्या जागा ठरवाव्या लागतात, आणि हे कसबी माणसाचे काम असते. ते फुकट मागणे अन्याय आहे. ग्रंथालयानेही काही फॉन्ट पैसे देऊन करून घेतले आहेत. खुला फॉन्ट वापरणाऱ्याला विनामूल्य मिळतो, पण करणाऱ्याला मेहनताना मिळायलाच हवा, आणि आरोग्यासाठीचा फॉन्ट असेल तर तो सार्वजनिक निधीतून मिळायला हवा. जनतेच्या पैशाने एकदा केलेले काम पुन्हा पुन्हा विकत घ्यावे लागू नये, यासाठीच खुला परवाना.

तिसरा आक्षेप: गूगल ही खासगी कंपनी, तिच्या ग्रंथालयाला सार्वजनिक कसे म्हणायचे? शंका रास्त आहे. संकेतस्थळाने फॉन्ट थेट गूगलच्या संगणकावरून आणला की वाचकाचा इंटरनेट पत्ता गूगलकडे जातो. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये याच कारणासाठी एका संकेतस्थळाला भरपाई द्यायला लावली. कोण कोणत्या आजाराचे पान वाचते आहे, ही माहिती तर अधिकच जपायला हवी. उपाय परवान्यातच आहे: रुग्णालयाने फॉन्ट उतरवून घेऊन आपल्याच संकेतस्थळावर ठेवावा. उद्या ते ग्रंथालय बंद झाले तरी फॉन्ट आणि त्याचा आराखडा लोकांकडेच राहतो.

काय करता येईल

मुंबईत सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या दानातून १८४५ मध्ये रुग्णालय उभे राहिले आणि १८५७ मध्ये कलाशाळा. त्याच परंपरेतल्या उपयोजित कला संस्थेत आजही अक्षररचना शिकवली जाते. आयआयटी मुंबईत अक्षरशास्त्राचे संशोधन होते. राज्य मराठी विकास संस्था भाषेच्या वापरासाठीच स्थापन झालेली आहे. वैद्यकीय महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि त्यांच्याकडे रुग्ण आहेत. रेखाटणारे, तपासणारे आणि ज्यांच्यासाठी हे करायचे ते लोक, सगळे याच राज्यात आहेत. त्यांना एका कामावर आणणारा छोटा निधी आणि एक अट पुरेशी आहे: तयार झालेला फॉन्ट आणि चाचणीचे निष्कर्ष, दोन्ही खुले करावेत आणि फॉन्ट सार्वजनिक ग्रंथालयात दाखल व्हावा. हिंदी, कोकणी आणि नेपाळी वाचकांनाही त्याचा उपयोग होईल, कारण लिपी एकच आहे.

आरोग्य विभागाने तोपर्यंत थांबायचे कारण नाही. रुग्णाला दिला जाणारा प्रत्येक मराठी कागद युनिकोड फॉन्टमध्ये असावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन बसतो, आणि अंध व्यक्तीसाठी मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही. डोसचा आकडा अंकात आणि अक्षरात दोन्ही असावा. ‘युनिट’ पूर्ण लिहावे. मराठी अक्षर सोबतच्या इंग्रजीपेक्षा एक-दोन आकारांनी मोठे ठेवावे.

रुग्ण आणि नातेवाइकांनाही काही करता येते. रुग्णालयातून निघण्यापूर्वी कागद स्वतः मोठ्याने वाचून दाखवावा आणि परिचारिकेकडून बरोबर आहे ना हे विचारून घ्यावे. अक्षर दिसत नसेल तर तसे सांगावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मोबाइलमध्ये कागदाचा फोटो काढून तो मोठा करून पाहता येतो. मधुमेह असणाऱ्यांनी दिसण्यात काही तक्रार नसली तरी वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी. फॉन्ट कितीही चांगला असला तरी मधुमेहाने गेलेली नजर तो परत आणू शकत नाही. उरलेल्या नजरेला डोसचा आकडा बरोबर दिसावा, एवढे काम तो करू शकतो, आणि ते करून घेणे आपल्या हातात आहे.